शिवणं

मासेरूच्या कारखान्यात अकरा वर्षं
मी फक्त डावा मागचा खिसा शिवला.
उजवा शिवायची शेजारची लिम्फो.
अख्खी जीन्स मी एकदाच नीट पाहिली,
गोदामाच्या दारात,
घडी होऊन खोक्यात जाताना.

मग एका शुक्रवारी यंत्रं थांबली.
हिशेब म्हणून अर्धा पगार हातात पडला
आणि कापडाच्या उरल्यासुरल्या कडांचं एक पोतं,
ते बहुधा चुकून.

आता मोखोटलोंगच्या वर, डोंगरात,
हाताने फिरवायच्या मशीनवर
मी अख्खी वस्तू शिवते.
आत फ्लॅनेलचे तीन पदर,
खाली रेनकोटाचं अस्तर,
बाजूला दोन पंख, एक टिचबटण.
तळहाताएवढीच आहे,
पण सुरुवातही माझी आणि शेवटचा टाकाही.

म्हातारी मामोसा दारातून ओरडते,
त्या दिवसांत मेंढवाड्याला शिवू नये,
दुधाच्या मडक्याला शिवू नये,
गाभण मेंढी गाभ टाकते.
मी मान हलवते
आणि शिवते.

शाळेतले मास्तर, न्ताते लेफू, म्हणाले,
न्थाटिसी हुशार आहे,
पण डोंगरासारखी,
महिन्यातून चार दिवस धुक्यात.
मी हजेरीपट मागून घेतला.
गैरहजेरीच्या फुल्या
ओळीने, सारख्या अंतरावर,
कसलेल्या हाताने टाके घालावेत तशा.
मला टाके मोजायची सवय आहे.
मास्तर खिडकीबाहेर बघत राहिले.
मग म्हणाले, हे मला कोणी सांगितलंच नाही.
मी म्हटलं, तुम्ही विचारलंत कधी?

शनिवारी सोळा मुली जमल्या.
फळ्यावर मी गर्भाशय काढलं,
ते मेंढीच्या तोंडासारखं झालं
आणि सगळ्या हसल्या.
बरं झालं. हसल्यावर त्यांनी विचारलं.
हे आजारपण आहे का?
म्हातारपणी थांबतं म्हणजे रक्त संपतं का?
जुन्या घोंगडीचा तुकडा टोचतो, तर आत काय घालू?
न्थाटिसी सगळ्यांत शेवटी बोलली,
धुवायला साबण कुठून आणू?

झरा चाळीस मिनिटांवर.
बादली डोक्यावर, वाट उताराची.
माझ्याकडे उत्तर नव्हतं.
पाणी शिवता येत नाही.
त्या रात्री मी पिशव्या पुन्हा उघडल्या,
साबणाच्या वड्या दोऱ्याने कापल्या
आणि प्रत्येकीत अर्धी अर्धी टाकली.
सहा पिशव्यांना पुरली नाही.
त्या सहा अजून खुंटीवर आहेत.

गादीखाली वाळवू नका, मी बजावलं होतं,
ऊन लागलं पाहिजे.
पण जुलैमध्ये आमच्याकडे ऊन असतं
ते नुसतं बघायला.
न्थाटिसीने तिची घडी दोरीवर घातली,
वर भावाची घोंगडी पांघरली, कुणाला दिसू नये म्हणून.
सकाळी खोआबाने घोंगडी ओढायला गेला,
मेंढ्या सोडायच्या होत्या,
तर खाली पाटीसारखं कडक गोठलेलं काहीतरी.
हे काय?

तिने सांगितलं.
सगळं नाही, पण नाव घेऊन सांगितलं.
पोरगा चौदाचा,
गेल्या महिन्यातच अडलेल्या मेंढीच्या पोटात
कोपरापर्यंत हात घातलेला.
थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला,
माझ्या घोंगडीच्या सावलीत कसं वाळेल?
आणि दोरीवरची जागा मोकळी करून दिली.

हे मला न्थाटिसीने सांगितलं,
दुसऱ्या पिशवीसाठी आली तेव्हा,
चुलत बहिणीला हवी म्हणून.

पोत्यात आता निळ्या कडाच उरल्यात.
काल दुपारी मामोसा आत आली,
काठी भिंतीला टेकवली,
मशीनवरची अर्धी वस्तू उचलली
आणि बोट फिरवलं,
पंखावरून, अस्तरावरून, टिपेवरून.
मी हँडल धरून थांबले.

वाकडं आहे, म्हणाली.

खरंच होतं.
मी उसवलं,
आणि पुन्हा शिवलं.