शेजारी शून्य

टेबलाला तीन पाय, चौथ्याच्या जागी ओंडका.
त्यावर वही, वहीवर दिव्याचा पिवळा गोल,
गोलात मिलाराई, इयत्ता तिसरी,
पेन्सिलीचं मागचं टोक चावून चावून
पार कुंचला करून टाकलेली.
खाली केम्चीच्या धक्क्यावर होड्या
एकमेकींना ढुशा देताहेत. भरती आहे.

मी चुलीत लाकूड सारतो
आणि वाट बघतो तिच्या हाकेची,
ती येऊ नये म्हणूनही.
शाळा मी चौथीत सोडली.
लाकडाच्या गिरणीत फक्त उंची बघायचे,
आणि माझी भरली होती.

दोन वर्षांपूर्वी नोल्फाबाईंची चिठ्ठी आली होती:
मुलगी चुणचुणीत आहे,
पण हातांची बोटं मोजायला सांगितली
की नवावर थांबते.
एदेल्मिराने ती मोठ्याने वाचली,
मग आम्ही तिघंही माझ्या डाव्या हाताकडे बघत राहिलो.
मोजायला ती माझ्याच हातांवर शिकली होती.
करंगळीशेजारचं बोट गिरणीने ठेवून घेतलंय,
अजून व्याजही दिलेलं नाही.
आता मिलाराई त्या रिकाम्या जागेवर टिचकी मारते
आणि म्हणते, "दहा."

"बाबा."
आलीच हाक.

चारशे दोन वजा एकशे अठ्ठ्याहत्तर.
"दोनातून आठ जात नाहीत," ती म्हणते,
"म्हणून शेजारून हातचा घ्यायचा.
पण शेजारी शून्य आहे.
ज्याच्याकडे काहीच नाही
त्याच्याकडे मागायचं कसं?"

मी किटली उचलतो, उगाच, परत ठेवतो.
बाई म्हणाल्या होत्या, उत्तर सांगू नका,
नुसते जवळ बसा.
उत्तर न सांगणं मला फारसं जड जात नाही.
"बटाटे मांडून बघू या का?"
"चारशे दोन बटाटे?"
ती इतकी हसते की टेबलाचा ओंडका हलतो.

आणि त्या हलण्यात कुठूनसा
मी सात वर्षांचा असतानाचा हिवाळा वर येतो.
बारा दिवस बोट आली नव्हती.
आई वाडगं घेऊन शेजारी अर्तेमियोकडे गेली,
तर त्याचाही डबा पालथा.
आईला त्याने चुलीपाशी बसवलं
आणि स्वतः निघाला, चिखलातून, टेकडीवरच्या घरी.
पाठीवर पोतं घालून आला.
आमचं वाडगं भरलं,
उरलेलं त्याच्या घरी राहिलं.

"शून्य पुढच्या दारी जातं," मी म्हणतो.
"आपल्यासाठी म्हणून आणतं.
मग त्यातलं एक तुला देतं."

ती माझ्याकडे बघते,
मग वहीकडे.
चाराला काट, त्याचे तीन.
शून्याचे दहा.
क्षणभरच दहा,
लगेच त्यालाही काट, वर नऊ.
बारातून आठ गेले, जीभ ओठावर, चार.
नवातून सात. तिनातून एक.
दोनशे चोवीस.
खाली दोन रेघा, दुसरी वहीबाहेर गेलेली.

"बाबा, पीठ परत दिलं का तुम्ही?"

मला खरंच आठवत नाही.
अर्तेमियो जाऊन नऊ वर्षं झाली.
"वजाबाकीत परत देत नाहीत," तीच म्हणते,
दप्तर बंद करते, थांबते,
"बाईंना विचारते उद्या."

ती झोपली.
एदेल्मिराची पाळी सहाला सुटेल,
रात्रभर मासे सोलून बोटं बधिर झालेली असतील,
ती माझ्या मानेवर ठेवून ऊब घेईल
आणि विचारेल, झाला का अभ्यास?

मी विजेच्या बिलाची मागची बाजू घेतो,
कुंचला झालेली पेन्सिल घेतो,
आणि वहीतलं पुढचं गणित उतरवतो,
उद्यासाठी, कुणी जागं नसताना.
पाचशे वजा दोनशे त्रेसष्ट.
शेजारी शून्य. त्याच्याही शेजारचं तेच.
दार लांब आहे.
चालायला लागतो.