पावली

माझ्या नवऱ्याच्या तळघरात अकरा मशिनं आहेत.
म्हणजे होती. आता दहा.
व्हिडिओ गेमची, कपाटाएवढी, नाणं टाकून खेळायची.
डुलुथला हिवाळा सहा महिने,
तळघरात बाराही महिने उकडायचं:
अकरा पिक्चर ट्यूबा, तापलेल्या धुळीचा वास,
आणि अर्विड, दातांत टॉर्च धरून,
कुणाच्या तरी उघड्या पाठीत कोपरापर्यंत.
माणूस पावली कम आहे, हे मला लग्नाआधीच कळलं होतं.

तेरा वर्षांपूर्वी सेंट पॉलचा एक डेंटिस्ट आला,
'कॉमेट पेट्रोल'पुढे उभा राहिला, डोळे पुसले,
सहा हजार डॉलर म्हणाला.
अर्विड नुसता हसला.
तेव्हा मशिनंही भाव खायची
आणि मशीनवालेही.
छपराचं कोटेशन मी फ्रिजवर चिकटवलं होतं,
ते तिथेच पिवळं पडलं.

मग काय झालं ते कुणी नीट सांगत नाही.
मी सांगते. माणसं मेली.
फार्गोचा हाल्वर गेला, बायकोनं नऊ विकायला काढली.
टर्मन गेला नाही, मुलीकडे राहायला गेला,
तिथे लिफ्ट आहे, तळघर नाही: आणखी चौदा.
जी मुलं ब्याऐंशी साली सोळा वर्षांची होती
ती सगळी एकदमच गुडघ्यांत कच्ची झाली
आणि सगळ्यांचं बालपण
एकाच हंगामात बाजारात आलं.

सहाचे चार झाले, चाराचे दोन.
थांब, चढेल, अर्विड म्हणायचा.
शेवटी सातशे, तेही
'जिना तुम्ही चढवून देणार असाल तर.'
जिना!
अठ्ठ्याण्णव साली दाराची चौकट काढून
चौघांनी ते खाली उतरवलं होतं.
त्यातला एक आता दफनभूमीत,
एकाचा खुबा स्टीलचा,
एकाशी आम्ही बोलत नाही.
चौथा अर्विड.

गेल्या शनिवारी पाकू व्हांग आली.
वय एकोणीस. सोबत तीन भाऊ, दोरखंड, ट्रॉली.
तिला कशाचीच आठवण नव्हती.
मला ते बरं वाटलं.
खेळली, चाळीस सेकंदांत मेली, मोठ्यानं हसली,
पुन्हा खेळली.
अर्विडनं वीज बंद करून तिला काच दाखवली:
आतून जळून उमटलेली अक्षरं,
'नाणं टाका.'
अंधारातसुद्धा तेच मागणं.
बंद असली तरी ट्यूब वीज धरून बसते, म्हणाला,
आधी ती उतरू द्यायची,
आणि एक हात कायम खिशात ठेवायचा.
तिनं लगेच एक हात खिशात घातला.

पाचशे चाळीस. मी मोजले.
घासाघीस करायला तो विसरला
की केलीच नाही, मी विचारलं नाही.

जिन्यावर भावांचे श्वास,
त्यांच्या हमाँग भाषेतल्या, बहुतेक, शिव्या,
मग वर ट्रकचं फाळकं लागल्याचा आवाज.
खाली कार्पेटवर एक चौकोन उरला,
अठ्ठ्याण्णवचा हिरवा, अजून ताजा.
त्यात एक पावली,
लाल नेलपॉलिश लावलेली.

रंग माझा.
पुलापलीकडे, सुपीरियरला, बाबांचा बोलिंगचा धंदा होता.
मशीन रिकामं दिसू नये म्हणून
बाबा पोरांना आपलीच नाणी देत, खेळा म्हणत.
लाल ती घरची.
पेटी उघडली की आधी वेगळी काढायची,
कमाईत धरायची नाहीत.
दर रविवारी मी नखं आणि नाणी
एकाच बाटलीतून रंगवायची.
धंदा मोडला तेव्हा अर्विडनं हे मशीन उचललं,
आणि मला वाटतं, त्याच्यामागोमाग मलाही.

परत कुणाला द्यायची?
तिथे आता टायरचं दुकान आहे.
अर्विड त्या हिरव्या चौकोनात खुर्ची टाकून
संध्याकाळभर बसला होता,
एक हात खिशात.

सोमवारी दवाखान्याबाहेर माझ्याकडे सुट्टे नव्हते.
ती मीटरमध्ये टाकली.
मीटरनं लाल पाहिलं नाही,
पुऱ्या पंचवीस सेंटना घेतली,
पंधरा मिनिटं दिली.
माझं काम वीस मिनिटांचं होतं.