उघाडी

माझा बाप, पोशा ठाकूर,
उघाडीच्या फळीला तळवा लावून सांगतो
बाहेर खाडी किती चढलीय.
अष्टमीची भांग, पुनवेचं उधाण
त्याच्या मनगटात असतं.

मानकुळ्याच्या बांधावर, संध्याकाळी,
मी त्याला माझी उघाडी सांगायला बसले.

म्हटलं, नखाहून लहान तुकडा असतो, जर्मेनियमचा.
अगदी शुद्ध असला तर मख्ख.
म्हणून त्यात गॅलियम घुसवायचं,
शंभर कणांमागे पाच-सहा,
मग आत जागा रिकाम्या पडतात
आणि त्या रिकाम्या जागाच चालू लागतात.
"रिकामी जागा चालतं?"
चालते. पंगतीत मधलाच उठला,
शेजारी एकेक पाट सरकत गेले,
तर सरकलं कोण? माणसं, की ती जागा?

मग गार करायचं. बर्फ नव्हे,
बर्फ तिथं निखारा.
शून्याखाली दोनशे एकाहत्तर.
तिथं या जागा जोडी धरतात
आणि वाटेतलं अडखळणं संपतं.
कमी होत नाही, बाबा. संपतं.

वर सोन्याची पट्टी, मध्ये काचेसारखा पातळ बांध.
पट्टीला व्होल्टेज दिलं
की खालच्या जागा बांधाशी दाटी करतात,
काढून घेतलं की पांगतात.
तीनला अडखळतं, साडेचारला सुटतं.
पट्टीतून खाली थेंब जात नाही.

त्यानं विडी दगडावर चुरडली.
"पानी जात नाय, तं उघारी कसली?"

मला पटकन सुचेना.
म्हटलं, ती नुसती हाक मारते,
पलीकडे उभी राहून.

तिवरांतून ओहोटीचा वास येत होता.

मग खरं ते सांगितलं.
मंगळवारी रात्री हाव सुटली, सहावर नेलं,
आणि बांध गेला.
आठ महिन्यांचा तुकडा. आकडा उडाला तो उडालाच.

सरांनी विचारलं होतं, दुसरा कधी होईल.
ऑफिसनं विचारलं, खर्च किती.
यानं विचारलं,
"खांड कुठं परली?"

कोपऱ्यात, म्हटलं. सूक्ष्मदर्शकाखाली
एक काळा ठिपका दिसतो.

"मंजे चिंबोरीचा बील व्हता.
उधानानं बांध नाय फुटत, बाय.
बील आदीच असतं.
उधान फकस्त दाखवतं."

आणि उठला. बॅटरी घेऊन, अनवाणी,
बांधावरून पाय दाबत दाबत गेला.
एका ठिकाणी थांबला, वाकला,
ओला चिखल टाचेनं आत कोंबला,
पुढं चालू लागला.

मी फोन काढला.
ठिपक्याचा फोटो बोटांनी मोठा केला,
अजून मोठा.
फाटल्यासारखी नव्हती कड.
गोल होती.