प्रतीक्षा यादी, क्रमांक तीन

परकारशेठनी शुक्रवारपर्यंत सांग म्हटलंय.
आज बुधवार, आणि त्यातलाही अर्धा
मी मोबाईल उलटा ठेवून घालवला.

बर्फाच्या कारखान्यात हिशेबाचं काम.
चौदा हजार, ईदेला आणि दिवाळीला काहीतरी वर,
पहाटे साडेपाचला हजर, कारण होड्या
ऑफिसची वेळ पाळत नाहीत.
आबांनी सगळं ऐकून घेतलं,
जाळं विणायची सुई हातात तशीच थांबवून विचारलं,
"चाय देतात काय गो तिथं?"

दुसरीकडे बंदर खात्याची यादी.
पीडीएफ, पान चार, खालून दुसरी ओळ:
पावसे दर्शना हरिश्चंद्र, प्रतीक्षा, तीन.
जागा एकच. निवडलेला माणूस रुजू झाला तर संपलं.
नाही झाला तर एक नंबर, मग दोन,
मग मी.
मावशी म्हणते, सरकारी ते सरकारी.
पापलेट ते पापलेट म्हणतात
त्याच सुरात.

रात्री मी काय करते ते सांगू?
माझ्या वरच्या दोघींची लग्नं लावते.
कांदळगावकर अनघा पुण्याला दिली,
नवरा संगणकातला, घर तिसऱ्या मजल्यावर,
बाल्कनीत कढीपत्ता.
डिंगणकर मुबीना कतारला.
तिची बॅग मी स्वतः भरली,
वरती सुक्या जवळ्याची पिशवी, तीन गाठी मारून.
एकदा लग्न काही जमेना,
तेव्हा एकीला आजारी पाडलं.
लहानसंच, कावीळ.
सकाळी उठून खाडीकडे पाठ करून दात घासले.

मुबीनाचं गाव यादीत दिलेलं नाही.
पण तीही असेल अशाच कुठल्या खाडीच्या काठाला,
कुठल्याशा शेठला म्हणत असेल, सोमवारपर्यंत थांबा.
तिच्या रात्रींत अनघा बोहल्यावर उभी असेल.
आणि चार नंबरचा जो कोण आहे,
तो मला कुठं देत असेल?
स्थळ बरं बघ रे बाबा.
फार लांब नको.

शुक्रवारी निघाले. धोपाव्याहून फेरीबोट,
दोन ट्रक, कलमं भरलेला एक टेम्पो, आणि मी.
कठड्याला धरलं तर तळहात गंजानं तांबडा झाला.
पलीकडं जायला दहा मिनिटं लागतात,
तेवढ्यात एक खोटं आणि एक खरं
दोन्ही पाठ करून ठेवलं.
दाभोळच्या धक्क्याला बोट टेकली
तेव्हाही कुठलं बोलणार ते ठरलं नव्हतं.

शेठ लाद्या मोजत उभे. अमोनियाचा वास,
पायाखाली भाताचं ओलं तूस.
म्हटलं, शेठ, आधीच सांगते,
माझं नाव बंदर खात्यात लागलंय, तीन नंबरला.
बोलावणं आलं तर मी जाणार.

शेठनी चष्मा कपाळावर चढवला.
"तीन?
आमचा अझीम सहावा."

मशीन तेवढं चालू होतं.
"मग जा की लवकर," ते म्हणाले,
"तू सुटलीस की तो पाचवर."
जागा एकच आहे हे त्यांनाही ठाऊक, मलाही.
आम्ही हसलो, बऱ्यापैकी हसलो,
आणि त्या हसण्यातच मी पंधरा मागितले.
साडेचौदावर तुटलं.
चहा मिळतो. साखर जास्त.

वही जाड, कोपरे ओलसर.
आलेल्या लाद्या, गेलेल्या लाद्या, उधारी,
आणि शेवटी एक अरुंद रकाना: वितळ.
यात काय लिहायचं, मी विचारलं.
"अंदाजानं. बर्फ काय सांगून वितळतो?"
मी दोन लिहिलं.
शेठनी बाहेर उन्हात बघितलं,
बंदरावर अजून एकही होडी लागली नव्हती.
म्हणाले, आज गरमी आहे,
तीन लिही.