हातचा एक

व्होरूहून रिगाला रात्रीची बस, दोघांचे अठ्ठावीस.
रिगाहून डब्लिनला पहाटे सहाचं विमान,
मंगळवारी पाहिलं तर एकोणचाळीस,
बुधवारी पाहिलं तर सत्तेचाळीस,
म्हणून गुरुवारी आम्ही पाहिलंच नाही.

उर्मास म्हणतो, सामानाचे वेगळे पैसे द्यायचे नाहीत.
पाठीवरची एकेक पिशवी, सीटखाली मावेल एवढीच.
शिवणाची टेप आणून त्याने पिशवी मोजली,
मग दाबून मोजली,
मग मला तिच्यावर बसवून मोजली.

तंबू शेजारच्या लाइडाबाईंचा.
त्यांच्या नवऱ्याने तो शेवटचा ठोकला
तेव्हा इथे रूबल चालत होते.
एक खुंटी कमी आहे, म्हणाल्या, तिथे दगड ठेवा.
आयर्लंडात दगड असतीलच की.

गावाचं नाव आम्हाला अजून उच्चारता येत नाही,
अकरा अक्षरं, त्यातली निम्मी म्हणे मुकी.
शनिवारी तिथे शेतांतून, ओढ्यातून,
आडव्या ओंडक्यांवरून घोडे उड्या मारत जाणार.
शेवटच्या थांब्यापासून नऊ किलोमीटर.
प्रवेश गाडीमागे दहा युरो,
चालत येणाऱ्याला फुकट.
हे वाचून उर्मास इतका हसला
की चुलीजवळचं मांजर उठून गेलं.

वहीत डावीकडे खर्च.
उजवीकडे जमा: माझ्या बेकरीतल्या रविवारच्या पाळ्या,
त्याने फोडून विकलेलं दोन ट्रेलर सरपण,
आणि हिवाळी टायर,
जे यंदा घ्यायचे नाहीत असं ठरलंय.
अंथरूण पाहून पाय पसरावेत, मलाही कळतं.
पण एखाद्या रात्री पाय गारठले
म्हणून माणूस मरत नाही.

वहीत नाही ते असं:
तुइस्क मार्चमध्ये जन्मला, आमच्याच तबेल्यात, रात्री अडीचला.
तुइस्क म्हणजे हिमवादळ. बाहेर तेच चाललं होतं,
दुसरं नाव सुचायला वेळच नव्हता.
फडकी संपली तेव्हा उर्मासने अंगातला स्वेटर काढून
त्याला पुसला.
पुढे तो कुंपण ओलांडायला लागला,
मग फाटक, मग शेजाऱ्याचा भरलेला ट्रेलर,
आणि नेमकं तेव्हाच कुणाच्या तरी हातात फोन होता.

सहाव्या वर्षी आयर्लंडहून एक बाई आली.
खूर पाहिले, दात पाहिले,
आमच्या छपराकडेही एकदा पाहिलं,
आणि मग किंमत सांगितली.

छप्पर आता गळत नाही.

स्पर्धेच्या यादीत त्याचं नाव वेगळं आहे,
इंग्रजी, तीन शब्दांचं, त्यात कुठेही बर्फ नाही.
वय दहा. रंग तोच.
स्वार म्हणून कुणी एकोणीस वर्षांची मुलगी.

ओळखेल का रे, मी विचारलं.
घोड्याच्या लक्षात माणूस राहत नाही, उर्मास म्हणाला,
खिसा राहतो.
आणि माझ्या हातातली पेन्सिल घेऊन
त्याने डावीकडे शेवटी लिहिलं:
राईच्या पावाच्या वाळक्या कडा, एक पुडकं, शून्य युरो.

मी पुन्हा खालून वर बेरीज करत गेले.
नऊ आणि चार तेरा, तेराचे तीन, हातचा एक.
शाळेत बाई बजावायच्या, हातचा विसराल तर सगळंच चुकेल.
चार वर्षं या घरातली प्रत्येक बेरीज
एकाने कमी येते आहे.

शुक्रवारी एक्कावन्न झालं होतं. घेऊन टाक, तो म्हणाला,
आणि माडीवर जाऊन तो स्वेटर काढून आणला,
कोपरांवर विरलेला, कधीच नीट न धुतला गेलेला.
पिशवीत कोंबला. टेप लावली. दोन सेंटिमीटर जास्त.
पुन्हा दाबला. दीड.

मग त्याने तो बाहेर काढला, डोक्यातून घातला,
ऐन ऑगस्टात, घामाघूम,
आणि स्वयंपाकघराच्या मधोमध उभा राहून म्हणाला,
अंगावरच्याचे पैसे घेत नाहीत ना?