डावा कान

उके मामांचा डावा कान कधीच गेला,
सायलेन्सर काढलेल्या गाड्यांनी खाल्ला.
आणि मी बसते नेमकी डावीकडं,
मांडीवर वही:
उजवं तीन, उतार, पुढं मुरूम सैल.

हिंगण्यापल्याड, मे महिना. नवालाच दरवाजा पोळतो.
वळणाआधी मामा गाडी उलटीकडं झुकवतात,
काही विसरल्यागत;
मग डावा पाय ब्रेकला नुसता विचारून येतो,
मागची चाकं सुटतात,
आणि बाभूळ काचेत समोरून नाही,
माझ्या खिडकीतून येते.
मी वाचते. वाचतच राहते.
त्यांचे हात भाकरी थापल्यासारखे, ढिले,
निसटू देतात, पडू देत नाहीत.

"ऐकू आलं का काही?"
थांबल्यावर विचारलं, दातांत धूळ.
"नाही वं," मामा हसले,
"मोड खराब असला का तुहा पाय
खालच्या पत्र्यावर आदयते.
त्याच्यावरच तं चालवतो मी."

तिथं ब्रेक नाही. नुसता पत्रा आहे,
माझ्या बुटाएवढा चेपलेला.

दुसऱ्या फेरीत, शरमेनं,
पाय आवरून बसले.
पहिलं वळण दिसलं,
बाभूळ दिसली,
आणि दिला दणका. मुद्दाम.