तेरा सीसी

तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून माजिवड्याचा पूल दिसतो,
त्यावर संध्याकाळचे लाल दिवे, न हलणारे.
खाट अकरा. पद्माकर डहाळे, वय एकाहत्तर.
उजव्या मनगटातून शिरलेली तार
हृदयापर्यंत जाऊन, एक स्टेंट ठेवून, परत आलेली.
आता तिथे पारदर्शक पट्टा,
हिरवा ठिपका बरोबर भोकावर,
आणि आत तेरा सीसी हवा.

"भरली का?" त्यांनी विचारलं.
मला वाटलं, हवाच म्हणतायत.

"जांभळी नाक्याच्या मागं दुकान आमचं.
पंचेचाळीस वर्षं दुसऱ्यांचे हात धरले.
माझ्या हातात कुणी भरली ती आज,
तीही प्लास्टिकची."

मी हसले नसेन. माझं लक्ष घड्याळात.
तासानंतर तीन सीसी काढायची,
मग दर पंधरा मिनिटांनी तीन,
अंगठ्यावरची क्लिप बघत बघत.
रक्त बाहेर येता कामा नये
आणि आत थांबता कामा नये,
एवढाच दाब.
यावर आम्हाला अख्खा एक तास शिकवलं होतं.
डहाळे म्हणाले, "बाई श्वास सोडते ना,
तेव्हाच बांगडी चढवायची. नाहीतर हात भांडतो."

पूर्वी मांडीतून व्हायचं सगळं.
तेव्हा कळव्याचे घरतमामा
तीन बोटं जांघेत रोवून वीस मिनिटं उभे राहायचे,
पेशंटशी मासळीच्या भावाबद्दल बोलत,
बोटं मात्र गप्प.
वर वाळूची पिशवी. रात्रभर पाय हलवायचा नाही.
निवृत्त झाले तेव्हा हार घालून घेताना
त्यांचं मधलं बोट सरळ होत नव्हतं.
त्या बोटाचं काम आता ही हवा करते.

दहा.
सात.
सातला ठिपक्याखाली एक लाल मणी उगवला.
"पिचली?" डहाळ्यांनी मान वर न करता विचारलं.
मी दोन सीसी परत भरली. मणी तिथंच थांबला.
"आमच्यात काच रुतली की अंगठा दाबून धरायचो," ते म्हणाले,
"आणि दुसऱ्या हातानं पुढची डझन मोजायचो. गिऱ्हाईक जाईल ना."

मग त्यांची नजर माझ्या हातांवर गेली.
ड्यूटीवर कोपरापर्यंत काही घालायचं नाही, नियम आहे.
"दोन-चार," ते म्हणाले.
"हाड बारीक, पण अंगठ्याची गादी भरलेली. साबण लागेल."

घरी माझ्या आहेत त्या दोन-सहा.
यांनी आणलेल्या. भांडी घासताना गळून सिंकमध्ये पडतात.
अकरा वर्षांत कुणी माप विचारलं नव्हतं,
मीही नाही.

दहा चाळीसला शेवटची हवा निघाली.
"काढते हं आता."
"काढते म्हणू नका, सिस्टर.
वाढवते म्हणा."

चार्टवर मी लिहिलं: पट्टा काढला. रक्तस्राव नाही. नाडी लागते.
मनगटावर वळ होता, अर्धा गोल.
पट्टा लाल पिशवीत गेला.

खाट चौदा. नुकत्याच आत आणलेल्या
दिव्याच्या सुमनबाई भोईर,
उजव्या हातातल्या हिरव्या बांगड्या उतरवून
लेकीच्या रुमालात बांधलेल्या.
हात कोरा, थंड, जरा घाबरलेला.
मी ठिपका भोकावर आणला, सिरिंज जोडली,
त्यांनी श्वास सोडायची वाट पाहिली.

"भरते हं," मी म्हटलं.